क्लोन ऑपरेटिंग सिस्टिम वापरणं गुन्हा नाहीये, लोकांना घाबरवणं थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट बंद झाला आणि तेव्हापासून आमच्या इंदुरात जुने कॉम्प्युटरवाले सगळे हैराण आहेत, कारण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर नवा लागतो, आणि चांगली चालणारी मशीन फेकून नवीन घ्यायला छोट्या ऑफिसांकडे, क्लासवाल्यांकडे, वाचनालयांकडे पैसे कुठून येणार. अशा वेळी लोक लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतायत, कोणी विंडोजसारख्या रिअ‍ॅक्टओएसचं नाव ऐकून विचारतंय, सर्व्हरवाले रॉकी किंवा अल्मा हे लिनक्सचे प्रकार टाकतायत. आणि नेमकं याच वेळी बाजारात एक चुकीची गोष्ट पसरवली जातेय की विकत मिळणाऱ्या सिस्टिमसारखी चालणारी फुकट सिस्टिम, म्हणजे क्लोन, ही पायरसी आहे, ती टाकली तर केस होते. हे साफ खोटं आहे आणि ते कुठेतरी छापून खोडलं जावं म्हणून लिहितोय.

माझं काम छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळायचं आहे, राहतो राजेंद्रनगरला. आमच्या भागातल्या एका मराठी वाचनालयात जुन्या मशीन आहेत, त्यावर लिनक्स आणि विंडोजचे एक-दोन जुने प्रोग्रॅम चालवायला वाइन नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं ठरलं होतं. कमिटीतल्या एकांनी एका विक्रेत्याला सहज विचारलं तर तो म्हणाला, देखो साब, नकल तो नकल है, कल को रेड पड़ गई तो अध्यक्षजी का नाम आएगा. झालं, सत्तरीतले अध्यक्ष काका घाबरले, मीटिंगमध्ये विषय बंद, आणि त्याच विक्रेत्याचं नव्या मशीन आणि लायसन्सचं कोटेशन टेबलावर. वर्गणीवर चालणारी संस्था आहे हो ती, दिवाळी अंकांचं बजेट कापून हे पैसे काढायला निघाले होते. मला खरंच खूप राग आला. विक्रेत्याने आपला माल विकावा, त्याचा धंदा आहे, पण कायद्याचं नाव घेऊन म्हाताऱ्या माणसांना भीती दाखवायची नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती धरलंय. म्हणजे संरक्षण आहे ते लिहिलेल्या कोडला, जसं कादंबरीतल्या मजकुराला असतं तसं. प्रोग्रॅम काय काम करतो, कुठल्या बटणाने काय उघडतं, एखाद्या फंक्शनला काय दिलं की काय परत येतं, ती कल्पना, ती पद्धत कोणाच्या मालकीची होत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे तर सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, तो वाद नाटक आणि सिनेमाचा होता पण तत्त्व तेच. आणि प्रोग्रॅमबद्दल तर कायद्यात वेगळं लिहून ठेवलंय. कलम 52 (1) मधली एबी आणि एसी ही दोन पोटकलमं वाचा. एबी म्हणतं की कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने, स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्रॅम तिच्याशी जुळवून चालावा म्हणून लागणारी माहिती काढली, आणि ती माहिती सहज दुसरीकडे मिळत नसेल, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. एसी म्हणतं की प्रोग्रॅम चालवता चालवता त्याचं निरीक्षण करून, टेस्ट करून, त्यामागची तत्त्वं समजून घेतली तर तोही भंग नाही. क्लोन बनवणारे नेमकं हेच करतात, बाहेरून बघतात की असली सिस्टिम काय करते आणि मग आपला कोड स्वतः लिहितात.

स्कूटरचं उदाहरण घ्या. कंपनीच्या गाडीला बसणारा ब्रेक शू दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या साच्यात बनवला, स्वतःच्या नावाने विकला तर मेकॅनिक उघडपणे तो बसवतो, कोणी पोलिसात जात नाही. तोच कारखाना कंपनीच्या गोडाऊनमधून माल पळवेल किंवा आपला शू कंपनीच्या नावाच्या डब्यात घालेल तर ती चोरी आणि बनावट.

अजून एक गोष्ट, जी जेल रोडला रोज डोळ्यासमोर असते. दुकानात स्वस्तातला लॅपटॉप विचारला की सांगतात हा डॉसवाला आहे. तो डॉस म्हणजे बहुतेक वेळा फ्रीडॉस, आणि फ्रीडॉस हा मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या जुन्या सिस्टिमचाच ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेला) क्लोन आहे, 1994 मध्ये जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेला, कारण मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असं दिसायला लागलं होतं. एचपी, डेलसारख्या कंपन्या इतकी वर्षं फ्रीडॉस टाकून मशीन विकतायत, पक्क्या बिलावर, जीएसटी लावून. क्लोन वापरणं गुन्हा असता तर एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या वकिलांनी हे होऊ दिलं असतं का? आणि जो दुकानदार क्लोनला पायरसी म्हणतो त्याच्याच शोकेसमध्ये तो डॉसवाला लॅपटॉप ठेवलेला असतो.

इतिहास पाहिला तर या क्षेत्रात नक्कल आधीपासूनच आहे. एमएस-डॉसचं मूळ जी 86-डॉस सिस्टिम, जी मायक्रोसॉफ्टने 1981 मध्ये विकत घेतली, तीच मुळात गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या त्याआधीच्या सिस्टिमसारखी वागावी अशी बनवली होती, म्हणजे सीपी/एमचे प्रोग्रॅम तिच्यावर आणायला सोपं जावं. कॉम्पॅकने 1982 मध्ये आयबीएम पीसीला जुळणारी मशीन आणली, तिच्या बायॉसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड आयबीएमचा कोड न बघता वेगळा लिहिला, आणि आज आपण ज्याला नुसतं पीसी म्हणतो तो त्यातूनच स्वस्त झाला. ग्नू प्रकल्प 1983 मध्ये जाहीर झाला तो युनिक्स या जुन्या सिस्टिमसारखी पण युनिक्सचा कोड नसलेली सिस्टिम बनवायची हे सांगूनच, आणि 1991 मध्ये लिनक्स कर्नेल (सिस्टिमचा गाभा) आलं ते त्याच वाटेने.

आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं बघा. 2016 मध्ये त्यांनी विंडोज 10 मध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून एक सोय दिली, डब्ल्यूएसएल. तिच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्स कर्नेलचा कोड नव्हता, लिनक्सचे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नेलकडे काम मागायची सोय) मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी स्वतः नव्याने लिहिले होते. म्हणजे वाइन जे विंडोजबाबत करतं तेच त्यांनी लिनक्सबाबत केलं, आणि ते करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. मग हाच हक्क दुसऱ्या बाजूलाही आहे. शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेटवर बनवलेले विंडोजचे प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर चालवणारा मोनो हा प्रकल्प वाइनवाल्यांकडेच सोपवला. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे वाइनवाले चोर असते तर हे झालं असतं का.

कोर्टकचेऱ्या झाल्याच नाहीत असं मी म्हणत नाही, झाल्यात, आणि त्यातूनच चित्र साफ झालंय. 1992 मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवाल्यांवर केस केली की हा आमचा कोड आहे. 1994 मध्ये तडजोड झाली तेव्हा 18,000 फाइल्सपैकी फक्त 3 काढायला लागल्या आणि सुमारे 70 मध्ये कॉपीराइटची नोंद घालायला लागली, बाकी सगळं मोकळं. 2012 मध्ये युरोपच्या कोर्टाने एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या केसमध्ये सांगितलं की प्रोग्रॅम काय काम करतो त्याला कॉपीराइट नाही. 2021 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गुगल विरुद्ध ओरॅकलमध्ये, ओरॅकलच्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सुमारे 11,500 ओळी गुगलने जशाच्या तशा घेऊनही, गुगलच्या बाजूने निकाल दिला, 6 विरुद्ध 2. हे निकाल बाहेरचे आहेत, आपल्याकडच्या कोर्टावर बंधनकारक नाहीत हे मान्य, पण आपल्या कलम 52 मध्ये तर तेच आधीपासून लिहिलेलं आहे.

यात एक केस मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती आमच्या वाचनालयाच्या गोष्टीसारखीच आहे. 2003 मध्ये एससीओ नावाच्या अमेरिकन कंपनीने आयबीएमवर केस केली, म्हणाली लिनक्समध्ये आमचा युनिक्सचा कोड आहे, आणि सुमारे 1,500 मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवली की तुम्ही लिनक्स वापरताय, तुमच्यावरही जबाबदारी येऊ शकते. पाठोपाठ लायसन्स विकायला काढलं, एका प्रोसेसरच्या सर्व्हरला 699 डॉलर. काही जणांनी घाबरून पैसेही भरले. पुढे काय झालं तर 2007 मध्ये एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 2010 मध्ये ज्युरीने सांगितलं की ज्या युनिक्सच्या कॉपीराइटवर ही सगळी धमकी उभी होती तो कॉपीराइट मुळात एससीओकडे आलेलाच नव्हता, तो नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीकडेच होता. आधी भीती, मग कोटेशन, हीच पद्धत तिथेही होती.

आता रिअ‍ॅक्टओएसबद्दल नीट सांगायला पाहिजे कारण लोक सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारतात. विंडोजचे प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर थेट चालावेत अशी सिस्टिम बनवायचं हे काम 1996 मध्ये फ्रीविन95 या नावाने सुरू झालं, 1998 पासून रिअ‍ॅक्टओएस. 2004 मध्ये विंडोज 2000 चा काही सोर्स कोड इंटरनेटवर फुटला होता, आणि 2006 च्या सुरुवातीला त्यांच्याच टीममध्ये आरोप झाला की काही कोड असली विंडोज उलगडून बघून उतरवलाय. तेव्हा त्यांनी काम थांबवून सगळ्या कोडची तपासणी लावली, संशय असलेला भाग परत लिहायचं ठरवलं, आणि नियम कडक केले, ज्याने फुटलेला कोड बघितला त्याचं योगदान त्या भागात घ्यायचं नाही, एकाने बघून वर्णन लिहायचं, दुसऱ्याने फक्त वर्णनावरून कोड लिहायचा. मला हे प्रामाणिकपणाचं वाटतं आणि या प्रकल्पावर एवढ्या वर्षांत मायक्रोसॉफ्टने केस केल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. पण म्हणून ती ऑफिसात टाका असं मी अजिबात सांगणार नाही, अजून 0.4 च्या मालिकेतच आहे, बनवणारे स्वतः तिला अल्फा म्हणतात, हिशोबाचं किंवा रोजच्या कामाचं मशीन तिच्यावर चालवू नका. हा प्रश्न कायद्याचा नाही, मजबुतीचा आहे.

सर्व्हरवाल्यांसाठी थोडक्यात. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांपासून ते घरातून होस्टिंग चालवणाऱ्या पोरांपर्यंत बऱ्याच जणांकडे सेंटओएस होतं, ते रेड हॅट कंपनीच्या विकतच्या एंटरप्राइज लिनक्सचं फुकट रूप. डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅटने ते बंद करायचं जाहीर केलं, सेंटओएस 8 एक वर्षात संपलं, सेंटओएस 7 जून 2024 ला. त्याच्या जागी रॉकी आणि अल्मा आले. मग जून 2023 मध्ये रेड हॅटने सोर्स कोड सगळ्यांना उघड देणं बंद करून ग्राहकांपुरतं ठेवलं, आणि तेव्हापासून अफवा की रॉकी, अल्मा बेकायदेशीर झाले. नाही झाले. भांडण आहे ते कोड कुठून घ्यायचा आणि ग्राहकाने पुढे वाटला तर रेड हॅट त्याचं सबस्क्रिप्शन तोडू शकतं का यावर, म्हणजे बनवणाऱ्यांचं आपसातलं. कोड स्वतः जीपीएलसारख्या मोकळ्या लायसन्सखाली आहे, क्लोनवाले रेड हॅटचं नाव आणि लोगो काढून टाकतात, आणि नुसता चालवणाऱ्याला तर जीपीएल कुठली अटच घालत नाही, तुम्ही पुढे वाटायला किंवा विकायला लागलात तरच सोर्स द्यायची जबाबदारी येते. मशीनमध्ये टाकून विकणाऱ्या दुकानदारांनी मात्र हे लक्षात ठेवावं.

पेटंटचं पण विचारतात. आपल्या पेटंट कायद्यातलं कलम 3 (के) सांगतं की नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही. हार्डवेअरशी जोडलेल्या काही गोष्टींना मिळतं, पण वाचनालयात लिनक्सवर बसून पत्र टाइप करणाऱ्याने त्याची काळजी करायची गरज नाही.

चुकीचं काय होऊ शकतं ते पण सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. क्लोन कायदेशीर आहे म्हणून त्याच्यावर टाकलेलं सगळं कायदेशीर होत नाही. विंडोजच्या सीडीतून डीएलएल उचलून वाइनमध्ये टाकल्या तर त्या फाइल्स मायक्रोसॉफ्टच्याच राहतात. क्रॅक केलेलं फोटोशॉप वाइनमध्ये चालवलं तरी ते क्रॅकच. फॉन्टचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही, इथे टायपिंग शिकणाऱ्या पोरांना मंगलची सवय असते आणि ते विंडोजमधून मंगल कॉपी करून लिनक्सवर टाकतात, त्याची परवानगी नसते. लोहित आहे, नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्ता आहे, सगळे मोकळे, मराठी सुंदर दिसतं, ते वापरा ना. नाव आणि लोगोचं पण जपून, लिंडोज नावाच्या सिस्टिमवर मायक्रोसॉफ्टने 2001 मध्ये ट्रेडमार्कची केस केली होती, 2004 मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने 2 कोटी डॉलर दिले आणि लिंडोजवाल्यांनी नाव बदलून लिन्स्पायर केलं. भांडण नावाचं होतं, सिस्टिम चालवणाऱ्यांचं नव्हतं. आणि अ‍ॅपलची असली सिस्टिम दुसऱ्याच मशीनवर टाकतात त्याला क्लोन म्हणू नका, तिथे असली कोडच वापरलेला असतो, सायस्टार नावाची कंपनी तशा मशीन विकत होती ती 2009 मध्ये कोर्टात हरली.

ज्याची खरी भीती वाटायला हवी ते मात्र आपल्याकडे कोणाला चुकीचंसुद्धा वाटत नाही याचं मला वाईट वाटतं. काही शे रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून मिळतं, पेनड्राइव्हवर अ‍ॅक्टिव्हेटर असतो, बिल मागितलं तर देत नाहीत. कॉपीराइट कायद्याचं कलम 63 बी याच्यासाठीच आहे, माहीत असून चोरीची प्रत कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद माफ करून 50,000 पर्यंत दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. आणि बघा, हे कलम विकणाऱ्यापुरतं नाही, वापरणाऱ्याला लागतं. त्या वाचनालयात याआधी जे विंडोज होतं त्याचं लायसन्स शोधलं तर कागदच सापडला नाही. म्हणजे जिथे खरंच धोका होता तिथे इतकी वर्षं सगळे निवांत, आणि जिथे कायद्याने मोकळीक दिलीय तिथे अध्यक्ष काकांची झोप उडाली. जप्तीचा अधिकार पण कलम 64 मध्ये पोलीस सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याला आहे, विक्रेत्याला नाही, त्यामुळे रेड पाडतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला घाबरायचं कारण नाही.

सरकारचं बघाल तर केंद्राने 2015 मध्येच सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण काढलंय, सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स आहे, केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच शिकतायत. आपल्या मराठी संस्थांनी, इथल्या काय आणि महाराष्ट्रातल्या काय, एवढं संकोचून राहायची गरज नाही.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती की एखाद्या कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाकडून कलम 52 आणि कलम 63 बी वर सोप्या मराठीत एक लेख लिहून घ्या, तुमचा पेपर आम्ही इकडे ऑनलाइन वाचतो आणि कमिटीतले लोक छापलेल्यावर विश्वास ठेवतात. आणि ज्या वाचनालयांनी, क्लासेसनी, ऑफिसांनी फुकट सिस्टिम टाकलीय किंवा टाकणार आहेत त्यांनी एक साधी फाईल करून ठेवावी, कुठली सिस्टिम, कुठली आवृत्ती, अधिकृत साइटवरून कधी उतरवली, लायसन्सची छापील प्रत, मशीनवर दुसरं कुठलं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं बिल. कोणी येऊन घाबरवायला लागलं तर फाईल समोर ठेवायची आणि म्हणायचं, कुठल्या कलमाखाली ते लेटरहेडवर लिहून द्या.

कळावे,
एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर